अक्षरारंभ आणि आत्मपरिचय

घरी पाहुणा आला म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलास पुढे बोलावून "बाळ, काकांना नाव सांग पाहू" असे म्हणावयाची चाल आपल्याकडे इतकी रूढ आहे की, तीत काही विचार करण्यासारखे असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. मूल आधी आईच्या पदराआड जाते; दोनदा आग्रह झाल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव एका दमात म्हणून टाकते; पाहुणा शाबासकी देतो, आईबापांस धन्यता वाटते, आणि हातावर खाऊ पडून तो प्रसंग संपतो. पुढे वर्ष-दीड वर्षाने तेच मूल पाटीवर उभी, आडवी, तिरपी रेघ ओढू लागले की त्याच्या शिक्षणाचा दुसरा अंक सुरू होतो. बालवाडीच्या अभ्यासक्रमात या दोन गोष्टी बहुधा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात: स्वतःचा परिचय देता येणे आणि लेखनाची पूर्वतयारी. शिक्षणशास्त्रज्ञ यांपैकी पहिली गोष्ट भाषेच्या खात्यावर व दुसरी स्नायूंच्या खात्यावर जमा करून मोकळे होतात. आमच्या मते या दोहोंच्या मुळाशी एकच नैतिक प्रश्न आहे. ज्याला अजून स्वतःचे असे काही म्हणता येत नाही, त्याच्या मुखात व हातात आपण तयार आकृती किती घालावी, आणि कोठे हात आवरता घ्यावा?

लेखनाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा असल्यामुळे आधी त्याचा विचार करू. मराठीत लिहावयास शिकण्याच्या पहिल्या पायरीस 'गिरवणे' असे म्हणतात, आणि ज्यावरून गिरवावयाचे तो 'कित्ता'. हे दोन्ही शब्द पाटीवरून उठून आपल्या नीतिशास्त्रात जाऊन बसले आहेत. थोर पुरुषांचा कित्ता गिरवावा असे आपण म्हणतो तेव्हा चांगले वागणे हेही एक प्रकारचे हस्ताक्षर आहे, असेच आपण नकळत मान्य करीत असतो. हा दृष्टांत केवळ आपलाच आहे असे नाही. प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात तो सोफिस्ट सॉक्रेटिसास सांगतो की, लेखनाचा शिक्षक कच्च्या विद्यार्थ्याकरिता आधी अक्षरांच्या रेषा आखून देतो व त्यांबरहुकूम त्यास लिहावयास लावतो. त्याचप्रमाणे नगरराज्यही जुन्या चांगल्या स्मृतिकारांनी शोधून काढलेले कायदे आखून देते व त्यांस अनुसरून वागण्यास नागरिकांस भाग पाडते. दृष्टांत मार्मिक आहे, पण त्यात एक गोष्ट सांगावयाची राहिली. लेखनाच्या शिक्षकाने आखलेल्या रेषा मुलाचा हात बसला की पुसल्या जातात, आणि त्यानंतर त्याचे अक्षर शिक्षकाच्या अक्षराहून वेगळे निघाले तर शिक्षक रागावत नाही. समाजाने आखलेल्या रेषांचे असे होत नाही. त्या पुसण्याचा दिवस कोणी नेमून ठेवलेला नसतो.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. 'धुळाक्षरे' हा शब्द तेथला. अक्षरारंभ बहुधा पाचव्या वर्षी होई, आणि आरंभीचे 'ॐ नमः सिद्धम्' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी घोळत घोळत त्याचे 'ओनामासी' झाले. पुढे त्यातूनच 'ओनामा' म्हणजे कोणत्याही गोष्टीचा प्रारंभ असा अर्थ भाषेत रूढ झाला. नमन कोणास व सिद्धी कशाची हे विसरले गेले आणि केवळ 'सुरुवात' तेवढी उरली. अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीचा याहून बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाही. तथापि यावरून त्या पद्धतीची हेटाळणी करणे आम्हांस मान्य नाही. बोटाने धुळीत अक्षर काढताना मुलाच्या त्वचेस त्या अक्षराचे वळण कळते, चूक झाली तर तळहाताच्या एका फटकाऱ्याने ती नाहीशी होते, आणि मागे खोडल्याची खूण राहत नाही. कागद व पेन्सिल यांत हा उदारपणा नाही.

मारिया माँटेसोरी यांनी जानेवारी १९०७ मध्ये रोम येथील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जे बालगृह उघडले, त्यात त्यांनी जवळजवळ हीच गोष्ट शास्त्राच्या मार्गाने पुन्हा शोधून काढली. खरखरीत कागदाची अक्षरे कापून पाट्यांवर चिकटवावयाची, मुलांनी त्यांवरून दोन बोटे फिरवावयाची, आणि फिरवता फिरवता त्या अक्षराचा ध्वनी उच्चारावयाचा. लिहावे अशी आज्ञा नाही, लेखणीही हाती नाही. असे काही महिने गेल्यावर एके दिवशी गच्चीवर त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलाच्या हाती खडू देऊन धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने ते काढले आणि एकाएकी "मला लिहिता येते" असे ओरडून जमिनीवर शब्द लिहिला. तो शब्द होता 'हात'. मग त्याने 'धुराडे' व 'छप्पर' हे शब्द लिहिले. माँटेसोरीबाईंनी हे स्वतःच नमूद करून ठेवले आहे. आम्हांस या हकिकतीत मोठा बोध दिसतो. हाताची तयारी सर्वस्वी दुसऱ्याने आखलेल्या वळणावर झाली. परंतु काय लिहावयाचे व केव्हा लिहावयाचे, हे मात्र त्या मुलाचे स्वतःचे होते.

या बाबतीत शरीरशास्त्रही घाईखोर पालकांच्या बाजूस नाही. मनगटातील आठ लहान अस्थी जन्मकाळी केवळ कूर्चेच्या स्वरूपात असतात. त्यांचे हाडांत रूपांतर एकामागून एक होत जाते, आणि शेवटची अस्थी घडू लागावयास सामान्यतः आठ ते बारा वर्षे लागतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल कोंबून त्याजकडून दोन रेघांच्या आत अक्षर बसवून घेणारे लोक एका अपुऱ्या यंत्राकडून पुऱ्या यंत्राचे काम मागत असतात. ज्यांना हे समजले होते त्यांनी लेखनाची तयारी लेखनाने केलीच नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुराख्यांच्या मागे कुरणात नेली. खडे, शिंपले, बिया, पाने, फुले हेच तेथील साहित्य. बी चिमटीत धरणे, फुले दोऱ्यात ओवणे, पाण्याने भांडे भरणे व ओतणे, मातीत बोट फिरवणे यांतून जी बोटे तयार होतात त्यांस पुढे 'ग' चे वळण शिकवावयास आठवडाही लागत नाही. 'अंगणवाडी' हे नाव पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे देशभर पसरले. नावाबरोबर ते अंगण किती ठिकाणी गेले हा प्रश्न आम्ही येथे काढीत नाही.

तेव्हा अक्षराच्या बाबतीत आमचे म्हणणे एवढेच की, कित्ता अवश्य असावा. देवनागरीचा 'म' कोणी मुलाने आपल्या अंतःकरणातून काढावा असे म्हणणे वेडेपणाचे होईल. लिपी हा करार आहे, आणि कराराच्या अटी त्यात नव्याने येणाऱ्यास सांगाव्याच लागतात.

परंतु 'मी' या शब्दाची गोष्ट तशी नाही. येथे आपण लेखनाचीच रीत लावतो, आणि आमच्या मते तेथेच चुकतो. खेड्यात अनोळखी मूल दिसले की म्हातारी माणसे त्यास "नाव काय?" असे न विचारता "कोणाचा रे तू?" असे विचारतात. प्रश्न प्रेमाचा असतो. त्यामागे गावाने मुलाची घेतलेली काळजी असते. तरी त्यात 'तू कोण' यापेक्षा 'तू कोणाचा' यास अग्रस्थान आहे हे नाकारता येत नाही, आणि मुलास पढवलेला परिचय हे त्या प्रश्नाचेच उत्तर असते. यावर कोणी म्हणेल की, मुलास बापाचे नाव व गाव पाठ असलेच पाहिजे. आषाढीस पंढरपुरात वाळवंटावर मूल चुकले तर त्याने काय सांगावे? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो पूर्णपणे मान्य करतो. आपण कोणाचे आहोत हे माहीत असणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या रूसोने १७६२ मध्ये 'एमील' लिहून युरोपास बालकाचे मन दाखवले, त्यानेच आपली पाच मुले अनाथालयाच्या स्वाधीन केली. त्या मुलांस 'कोणाचा तू?' या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि निसर्गशिक्षणाचा कोणताही ग्रंथ ती उणीव भरून काढू शकत नाही. म्हणून मुलास ही माहिती जरूर शिकवावी. पण ती 'पत्ता' म्हणून शिकवावी, 'परिचय' म्हणून नव्हे. पत्ता हा चुकल्यावर घरी पोचण्यासाठी असतो. तो जसा सांगितला तसाच म्हणावयाचा असतो, आणि त्यात मुलाचा स्वतःचा भाग काही नसतो. आपण मात्र या पत्त्यासच परिचय समजतो, आणि मग मूलही तसेच समजू लागते.

हे समजणे किती भारी पडू शकते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या एका आठवणीत लिहून ठेवले आहे. सुमारे १९०१ सालची गोष्ट. वडील कोरेगावास नोकरीवर. त्यांना भेटावयास भीमराव, त्यांचे भाऊ व भाचे अशी मुले साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे स्वच्छ व चांगले. त्यांवरून व बोलण्यावरून स्टेशनमास्तरांस ती ब्राह्मणांची वाटली व त्यांची दयाही आली. त्यांनी विचारले, तुम्ही कोण? भीमरावाने काही विचार न करता आपली जात सांगितली. त्यासरशी त्या गृहस्थांचा चेहरा पालटला आणि ते तेथून निघून गेले. पुढे कोणी गाडीवान त्यांस गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एक जण तयार झाला. त्या प्रवासात मुलांस पाणीही मिळाले नाही.

या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्यातील एकाच बाबीकडे लक्ष वेधावयाचे आहे. मुलाचे उत्तर बरोबर होते. ते सत्य होते, आणि मुलास जसे शिकवले जाते तसेच त्याने ते दिले. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलास प्रवास आखता येत होता, तिकिटे सांभाळता येत होती, पुढे गाडीही हाकावी लागली. त्याजविषयी सांगण्यासारखे कितीतरी होते. पण 'तू कोण?' या प्रश्नास समाजाने त्याच्या हाती एकच उत्तर ठेवले होते, आणि ऐकणाराही तेवढ्याच उत्तराची वाट पाहत होता. दोष सांगणाऱ्या मुलाचा नव्हे. सांगावे कसे हे आपण मुलांस शिकवतो. ऐकावे कसे हे थोरांस शिकविण्याची मात्र कोणत्याही शाळेत सोय नाही. आज कोणी मुलास जात विचारीत नाही असे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी आपल्या महाराष्ट्रात आडनाव विचारले म्हणजे काय विचारले जाते, याचा प्रामाणिकपणे विचार करावा. वर्गात पहिल्या दिवशी मुले ओळीने उभी राहून पूर्ण नावे सांगतात, आणि आडनावागणिक ऐकणाऱ्याच्या मनात पुढचे रकाने आपोआप भरत जातात. मुलाने ते रकाने पाहिलेलेही नसतात.

याच्या उलट बाजूस एक फार जुनी कथा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम नावाचा मुलगा गुरूकडे जाण्यापूर्वी आपल्या आईस आपले गोत्र विचारतो. जबाला म्हणते की, तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करीत असता तू मला झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असे सांग. गौतमाने गोत्र विचारताच मुलाने आईचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. ही कथा सामान्यतः सत्यनिष्ठेची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सत्यकामाने दिलेला परिचय कोणी त्याजकडून गिरवून घेतलेला नव्हता. त्याने स्वतः विचारपूस केली, जे कळले ते सांगितले, आणि जे कळले नाही ते 'ठाऊक नाही' म्हणून सांगितले. ठाऊक नाही असे म्हणण्याची मोकळीक ज्या परिचयात आहे तोच परिचय मुलाचा स्वतःचा. गौतमाने त्याचा स्वीकार केला हे त्याचे मोठेपण खरे. परंतु स्वीकारताना, ब्राह्मणाखेरीज कोणी असे बोलणार नाही, असे तो म्हणालाच. मुलाने कित्ता मोडला आणि गुरूने त्याच क्षणी ते अक्षर पुन्हा जुन्या रेघांत नेऊन बसवले. इतक्या उदार मनाच्या माणसासही जे सुटले नाही ते आपणांस सहज सुटेल, या भ्रमात राहू नये.

आईच्या नावाचा विषय निघालाच आहे तर एक अलीकडील घटना नमूद करावयास हवी. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहिले जावे. आम्ही या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत करतो. जिने मुलास बोलावयास शिकवले तिचे नाव त्याच्या पहिल्या बोलण्यात नसावे, हा अन्याय फार दिवस चालला. तथापि यामुळे कित्ता सुधारला, तो संपला नाही, हेही ध्यानात असावे. तीन पदांच्या जागी चार पदे म्हणणाऱ्या मुलाने पत्ता अधिक न्याय्य रीतीने सांगितला. परिचय अजून व्हावयाचाच आहे.

आणि दुसरीकडे परिचयाचाही बाजार भरलेला आपण पाहतो. नामांकित शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तीन वर्षांच्या मुलाकडून आपले नाव, आवडता रंग, आवडते फळ, मोठेपणी काय होणार, ही सारी उत्तरे इंग्रजीत घोटून घेतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी बालकाची अथवा त्याच्या पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. पण घोटून घेण्याची सवय कायद्याने कशी जाणार? येथे तर आवडही पढवली जाते. ज्या मुलास खरोखर चिंच आवडते ते 'ॲपल' म्हणते, कारण चिंचेस इंग्रजीत काय म्हणतात हे घरात कोणास चटकन आठवले नाही. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण आम्हांस हसू येत नाही. मुलाने स्वतःविषयी केलेले पहिले विधान खोटे असावे, आणि ते खोटे असल्याबद्दल त्यास बक्षीस मिळावे, याहून अनिष्ट नीतिपाठ कोणता असेल? वडिलांचे नाव न समजता म्हटले तरी ते खरे असते. ही उत्तरे मात्र कळत असूनही खोटी असतात.

मग मुलास शिकवावे तरी काय, असे वाचक विचारतील. आमच्या अल्पमतीप्रमाणे शिक्षिकेने आधी स्वतःचा परिचय द्यावा: आपले नाव, आपल्या आईचे नाव, आपणांस पावसात चालावयास आवडते व कुत्र्याची भीती वाटते, असे जे खरे असेल ते. मग मुलांस वाटेल त्यांनी बोलावे. कोणी एखादे मूल आपल्या घरच्या शेळीचेच नाव सांगून खाली बसेल. कोणी आठ दिवस बोलणार नाही. त्या न बोलण्यासही परिचयाचा एक प्रकार समजून त्यास धक्का लावू नये, कारण आपणांविषयी काय सांगावयाचे नाही हे ठरविण्याचा अधिकार चार वर्षांच्या जिवासही आहे.

लेखनाच्या बाबतीत, 'ग म भ न' या सोप्या वळणाच्या अक्षरांनी आरंभ करण्याची रीत हाताच्या दृष्टीने योग्य आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. पण तिच्या बरोबरीने मुलास स्वतःचे नाव लिहावयाचे असेल तर ते त्यास लिहू द्यावे. गगन, नमन, कमल या नावांची मुले या बाबतीत भाग्यवान. ज्ञानेश्वरास व श्रीकृष्णास थोडे थांबावे लागेल, आणि तोवर घरचे लाडके नाव चालेल. नाव लिहिणे म्हणजे साक्षरता नव्हे, हे आम्ही जाणतो. नुसती सही ठोकता येणाऱ्यास आपली जनगणनाही साक्षर समजत नाही. समजून वाचता व लिहिता आले पाहिजे अशी तिची अट आहे, आणि ती रास्त आहे. नाव चित्रासारखेही काढता येते. तरीसुद्धा या चित्रात एक गोष्ट अशी आहे जी 'गमन' अथवा 'नभ' या शब्दांत नाही. त्याखाली मूल उभे असते. सही म्हणजे जबाबदारी हा अर्थ त्यास पुढे वीस वर्षांनी कळेल. पण आपण काढलेल्या रेघेमागे आपण आहोत, ही जाणीव त्यास त्या दिवशीच होते.

ही पहिली सही बहुधा वाकडी असते. काना दुसऱ्या बाजूस जातो, एखादे अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे पडते, शिरोरेघ मध्येच संपते. सहा-सात वर्षांपर्यंत हे अगदी स्वाभाविक आहे. शिक्षिकेचा हात पाटी पुसण्यासाठी शिवशिवतो, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या आईचा तर त्याहून अधिक. आमची विनंती एवढीच की, त्या दिवशी ते नाव तसेच असू द्यावे, मुलास ते घरी नेऊन दाखवू द्यावे, आणि वळणाचा कित्ता दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या शब्दावर घालून द्यावा.